खिशात मावणारा मोठा सेन्सर: रिकोह जीआर थ्री, दोन गड्डे आणि एक कारखाना

साखरपेठकर:

गेल्या वर्षी गड्ड्याच्या (आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आठ दिवस आधी मी रिकोह जीआर थ्री हा कॅमेरा घेतला. नवा नव्हे, पुण्यातल्या एका गृहस्थांनी दोन वर्षं वापरलेला. आता दुसरा गड्डाही होऊन गेला. "एवढ्या पैशात लेन्स बदलता येणारा कॅमेरा आला असता की, हा डबा कशाला?" हा प्रश्न घरात, कट्ट्यावर आणि व्यनितून (खाजगी निरोपांतून) इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तरच लिहून टाकतो. आवडलं ते आणि खुपतं ते, दोन्ही.

२०१९ साली आलेला हा कॅमेरा. आत एपीएस-सी सेन्सर, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तोच आकार. २४ मेगापिक्सेल. लेन्स एकच, पक्की बसवलेली, २८ मिमीच्या तोडीची (म्हणजे रुंद दृश्य घेणारी), एफ/२.८ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त, पण फोकसमध्ये येणारा पट्टा अरुंद). झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वर-खाली वळत नाही. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम. पँटच्या खिशात जातो आणि खिशातून काढून पहिला फोटो व्हायला सेकंदभर पुरतो. मी घेतला तो याच एका गोष्टीसाठी.

अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नसते. गळ्यात मोठा कॅमेरा असला की लोक एकतर सरकून वाट देतात, नाहीतर कॅमेऱ्याकडे बघत उभे राहतात. मला दोन्ही नको असतं. बाराबंदी घातलेले एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन "हर्र बोला हर्र" म्हणत होते आणि मी त्यांच्यापासून दीड हातावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शटरचा आवाज नखावर नख घासल्याइतका. तो फोटो मी घरी मोठा करून लावलाय. आजोबांच्या मानेवर घामाने चिकटलेल्या अक्षतासुद्धा मोजता येतात.

उन्हात शेकडो पांढऱ्या बाराबंद्या आणि त्यात सावळे चेहरे, हा एक्स्पोजरचा खरा पेच. साध्या मीटरिंगवर (कॅमेऱ्याच्या उजेड-मोजणीवर) फोटोत कपड्यांचा नुसता पांढरा डाग उरतो. या कॅमेऱ्यात हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे. ते लावलं की पांढरं जपलं जातं आणि फोटो एकंदर काळपट येतो. मग रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) सावल्या वर ओढायच्या. दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट) ओढल्या तरी चेहऱ्याची कातडी कातडीच राहते, चिखल होत नाही. मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल होतात ते इथे, भर उन्हात. अंधारात होतात असं सगळे म्हणतात, पण ती गोष्ट तितकी सरळ नाही.

रात्री नंदीध्वजांची (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक परतते तेव्हाचं सांगतो. अंधारात याचा ऑटोफोकस चाचपडतो. लेन्स पुढे जाते, मागे येते, तोवर माणूस निघून जातो. यावर रिकोहचा जुना उपाय म्हणजे स्नॅप फोकस: अंतर आधीच ठरवून ठेवायचं, बटण एका दमात खाली दाबायचं, कॅमेरा फोकस न शोधता त्या अंतरावर फोटो घेतो. दिवसा एफ/८ लावून दोन मीटरवर स्नॅप ठेवला तर साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं नीट येतं. डोळे झाकून फोटो काढा. पण रात्री एफ/२.८ वर यावं लागतं आणि तिथे दोन मीटरच्या स्नॅपला हाती उरतं दीड ते तीन मीटर एवढंच. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं. दीडशेपैकी नव्वद फोटो मऊ आले. यंदा मी माणसापासून दोन मीटर म्हणजे किती पावलं हे घराच्या गच्चीवर आठवडाभर घोटलं, आणि मग गेलो.

आता कारखाना. आमच्या शेजारचे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जकार्ड मागावर चादरी विणतात. गेली चाळीसेक वर्षं. वर पुठ्ठ्यांची माळ फिरते, खाली धोटा धाडधाड जातो-येतो, ट्यूबलाइटचा उजेड जेमतेम. सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर खातो (तीन अक्षांत, कंपनीच्या म्हणण्यानुसार चार स्टॉप), त्यामुळे १/८ सेकंदाला हातात धरून फोटो मिळतो. मामा ताण्यावर हात ठेवून स्थिर, धोट्याची नुसती पांढरी रेघ. हा फोटो मला आधीच्या कुठल्याही कॅमेऱ्यावर जमला नव्हता. तुटलेला धागा जोडताना मामा दोन्ही टोकं चिमटीत धरून अंगठ्याच्या एका वळणात गाठ मारतात. मॅक्रोवर सहा सेंटिमीटरपर्यंत जाता येतं म्हणून तीही टिपायला गेलो. पण इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली बोटांवर पडते, आणि एफ/२.८ ला गाठ फोकसमध्ये आली तर नख जातं. जरा मागे सरून, एफ/५.६ वर जमलं.

आणि त्याच कारखान्याने कॅमेऱ्याचं नुकसान केलं. मागाभोवती कापसाचं तूस सतत उडत असतं. याची लेन्स चालू केलं की बाहेर येते, बंद केलं की आत जाते, आणि जाता-येता हवा ओढते. बॉडीला धूळबंद सील नाही. तिसऱ्या महिन्यात आभाळाच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात राखाडी ठिपका दिसला. एफ/२.८ ला दिसत नाही, एफ/११ ला ठळक. मेनूत सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे, ती वीसदा करून पाहिली. ठिपका तिथेच. लेन्स निघत नाही, म्हणजे घरी साफ करायचा मार्गच नाही. बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवला, सहा आठवड्यांनी परत आला. जुना ठिपका गेला होता आणि उजवीकडे नवा आला होता. मला हे अजूनही लागतं. इतकी सुंदर लेन्स करणाऱ्यांनी तोंडाला एक रबरी कडी का बसवू नये?

बॅटरी दोनशे फोटोंची म्हणतात, तेवढीच चालते. तीन ठेवतो. यूएसबी-सीने चार्ज होतो हे बरं. मे महिन्यात दुपारी हातात तापतो. व्हिडिओ फुल एचडीच आहे आणि मी त्या वाटेला जात नाही.

तुम्हा लोकांचे अनुभव लिहा. मोठ्या सेन्सरचा दुसरा कुठला कॉम्पॅक्ट वापरला असेल तर तेही.

लग्नसराई:

छान लिहिलंय. तो धोट्याचा फोटो इथे टाका की.

मी पोटापाण्यासाठी लग्नं करतो. मोठे दोन कॅमेरे असतातच, पण गेली चार वर्षं तिसरा म्हणून फुजीचा एक्स१००व्ही खिशात नाही तरी खांद्याला असतो. ४७८ ग्रॅम. तुमच्या जीआरच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे 'खिशात मावतो' हे मी म्हणणार नाही. पण त्यात दोन गोष्टी आहेत ज्या तुमच्याकडे नाहीत. एक व्ह्यूफाइंडर. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसतं का हो? मला तरी नाही. दुसरी म्हणजे छोटासा फ्लॅश आणि लीफ शटर एकत्र. भर दुपारी मंडपाबाहेर वऱ्हाडाचे फोटो, फेट्याखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पडदा-शटरला फ्लॅश साधारण १/२०० ते १/२५० च्या पुढे नीट जुळत नाही. लीफ शटर लेन्समध्येच असतं, पूर्ण चौकट एकदम उघडतं, त्यामुळे त्याहून कितीतरी वेगात फ्लॅश चालतो. आतला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावला की एफ/२.८ वरसुद्धा ऊन आवरतं. चेहऱ्यावर हलका उजेड, मागे आभाळ निळंच. सहायकाच्या हातात छत्री-स्टँड काही नाही.

खुपणारं: एफ/२ ला अगदी जवळून काढलं तर मऊ येतं. ३५ मिमीच्या तोडीची एकच लेन्स, म्हणजे स्टेजवरचं दूरचं काही नाही. आणि कार्ड एकच. नवरीच्या पाठवणीचे फोटो मी एका कार्डाच्या भरवशावर ठेवत नाही, म्हणून हा कायम तिसराच राहणार.

ज्वारी:

मी विरुद्ध बाजूने लिहिते, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी माझाही असाच मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट होता, तो विकला. फोनवर आले. यंदाच्या किंक्रांतीला शोभेचं दारूकाम फोनवर काढलं, शेजारी भाऊ कॅमेरा घेऊन उभा होता. घरी टीव्हीवर लावून पाहिले तर आईने फोनचे निवडले. फोन एका फोटोच्या जागी आठ-दहा फोटो घेतो, एकावर एक रचतो, अंधारातला दाणेदारपणा पुसतो, उजेड-अंधार जुळवतो. तुम्ही रॉ घेऊन रात्री बारापर्यंत बसून जे करता ते तो खिशातच करतो. शिवाय ताबडतोब मावशीला पाठवता येतं. माझ्या घरात फोटो बघितले जातात ते फोनवरच. मग एवढा खर्च कोणासाठी?

साखरपेठकर:

@ज्वारी, राग कसला. दारूकामाला फोन छान चालतो हे खरंच आहे. पण नंदीध्वज चालत असतो, माणसं चालत असतात. फोन आठ फोटो रचतो तेव्हा हललेल्या गोष्टीचं काय करायचं हे तो स्वतः ठरवतो. माझ्या भाचीने फोनवर काढलेल्या मिरवणुकीत एका काकांच्या मिशा गुळगुळीत झाल्यात, जशा रंगवलेल्या. चेहरा त्यांचा राहिला नाही. मला ते सहन होत नाही.

माळरान:

इथे जरा हिशोब मांडतो. 'मोठा सेन्सर' हा शब्द आपण एकटा वापरतो, तो लेन्सबरोबरच वापरायला हवा.

सेन्सरचा आकार मोजायला क्रॉप फॅक्टर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा सेन्सर किती पट लहान तो आकडा) घ्या आणि त्याने एफ-नंबरला गुणा. त्यावरून एकूण किती उजेड गोळा होतो ते कळतं, आकडा लहान तितका उजेड जास्त. जीआर थ्री: १.५ गुणिले २.८, साधारण ४.२. एक इंची सेन्सरचा सोनी आरएक्स१०० (तिसऱ्या ते पाचव्या मॉडेलपर्यंतची लेन्स), वाइडला एफ/१.८: २.७ गुणिले १.८, साधारण ४.९. म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ तिपटीने कमी असूनही तो जवळपास जीआरच्या पंगतीत बसतो, आणि वर झूमही देतो. आजचे चांगले फोन: मुख्य कॅमेऱ्याचा क्रॉप साडेतीनच्या आसपास, लेन्स एफ/१.८, म्हणजे ६.३. जीआर त्याच्या दुपटीहून थोडाच जास्त उजेड घेतो. सव्वा स्टॉपसुद्धा नाही. ज्वारीताईंच्या आईंनी फोनचा फोटो निवडला यात नवल नाही.

उलटं उदाहरणही आहे. कॅननचा जी१एक्स मार्क थ्री २०१७ ला आला. एपीएस-सी सेन्सर, झूम, व्ह्यूफाइंडर आणि साखरपेठकरांना हवं असलेलं धूळबंद अंगसुद्धा, सगळं ३९९ ग्रॅममध्ये. पण झूमच्या टोकाला लेन्स एफ/५.६. १.६ ने गुणा, ९ येतं. आरएक्स१००ची तीच लेन्स टोकाला एफ/२.८, म्हणजे ७.६. लहान सेन्सरवाला जिंकला. मोठा सेन्सर छोट्या डब्यात बसवायचा तर लेन्स कुठेतरी आखडती घ्यावीच लागते. झूमही हवा, उजेडही हवा आणि खिशातही मावायला हवं, असं भौतिकशास्त्र देत नाही.

मात्र साखरपेठकरांनी उन्हातल्या बाराबंद्यांचं जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर. कमी आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) उजेड भरपूर असतो तेव्हा मोठा सेन्सर जास्त उजेड साठवू शकतो, सावल्या ओढायला वाव राहतो. फरक तिथे खणखणीत दिसतो.

मी स्वतः पक्ष्यांचा माणूस. नान्नजच्या माळावर यातला कुठलाच डबा उपयोगाचा नाही. तिथे ४०० मिमीसुद्धा अपुरी पडते.

निळाई:

कापडाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमचा चादरी-टॉवेलचा छोटा धंदा आहे, कॅटलॉगचे फोटो मीच काढते. भावाचा जीआर थ्री आणून पाहिला होता. बारीक विणीच्या चादरीवर रंगीत लाटा उठल्या! हिरव्या-जांभळ्या. आधी वाटलं सेन्सर गेला. तो मॉइरे. या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे लो-पास (किंवा एए) फिल्टर, म्हणजे बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच, नाही, म्हणून धार जबरदस्त येते. पण विणीची घडण आणि पिक्सेलची घडण एकमेकांत अडकली की अशा लाटा दिसतात. मेनूमध्ये एए फिल्टर सिम्युलेटर नावाची सोय आहे: फोटो घेताना सेन्सर अगदी किंचित हलवून तोच परिणाम साधतात. ती चालू केल्यावर बऱ्याच कमी झाल्या. कॅमेरा वीतभर पुढे-मागे केला तरी फरक पडतो. फुजीच्या सेन्सरवर रंगांच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी आहे, तिथे हा त्रास मला कमी जाणवला.

आणि २८ मिमी कॅटलॉगला नको. कॅमेरा जरा तिरपा झाला तरी चादरीच्या कडेचा मोर लांबट होतो. २०२१ मध्ये आलेला थ्रीएक्स ४० मिमीच्या तोडीचा आहे, तो या कामाला बरा. बाकी सगळं तेच, वजन २६२ ग्रॅम.

लग्नसराई:

+१. माणसांच्या बाबतीतही तेच. २८ ला ग्रुप फोटो काढला की कडेच्या काकू रुंद होतात, आणि त्या मला फोन करतात.

नवखा_सोलापूर:

नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्यूशन घेऊन पैसे साठवलेत. धागा दोनदा वाचला. फुजीचा एक्स१००व्हीआय (एक्स१००व्हीच्या पुढचा) बघत होतो, अमेरिकेत २०२४ ला १,५९९ डॉलरला आला म्हणे, ते मला झेपत नाही. वापरलेला जीआर थ्री एक जण देतोय. दादा, धूळ आहे की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं? की जीआर फोरसाठी थांबू?

साखरपेठकर:

@नवखा, थांबू नकोस असं म्हणणार नाही, आधी हे बघ. फोर २०२५ मध्ये आला. २६ मेगापिक्सेल, स्थिरीकरण पाच अक्षांत, आतच ५३ जीबी मेमरी. पण व्ह्यूफाइंडर अजून नाही, सील अजून नाही, आणि किंमत बरीच वर. धुळीची भीती तीच. त्यामुळे निर्णय पैशाचा आहे.

वापरलेला घेताना असं कर. अंधाऱ्या दुकानात बघू नकोस, गच्चीवर ने. ॲपर्चर एफ/१६. आभाळाच्या मोकळ्या भागाकडे धर, फोकस मुद्दाम अगदी जवळचा ठेव, एक्स्पोजर एक स्टॉप वाढव. पाच फोटो काढ, कॅमेरा थोडा थोडा हलवत. सगळ्या फोटोंत एकाच जागी राखाडी गोल ठिपका असेल तर तो सेन्सरवर आहे. जागा बदलली तर आभाळात घार असेल. मग फोटो स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे तपास. त्यानंतर कॅमेरा दहा वेळा चालू-बंद कर आणि लेन्स बाहेर येताना कानाशी धर. करकर वाळूसारखी आली तर नमस्कार करून निघून ये. मागचं चाक दोन्ही बाजूंनी फिरवून बघ, एका टिचकीला एकच आकडा सरकायला हवा.

आणि घेतलास तर कारखान्यात नेताना मी आता जे करतो ते कर: आत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा चालू करतो आणि बाहेर पडून रुमालाने पुसेपर्यंत बंद करत नाही. 'ऑटो पॉवर ऑफ' बंद ठेवतो. बॅटरी जाते, पण लेन्स आत-बाहेर होत नाही. त्या दुरुस्तीनंतर नऊ महिन्यांत नवा ठिपका आलेला नाही.

माळरान:

लेन्स स्थिर ठेवायची ही युक्ती मला पटली. मात्र ऊन असेल तेव्हा उघडी लेन्स खाली धरा, सूर्याकडे तोंड करून टेबलावर ठेवू नका.

ज्वारी:

साखरपेठकर, त्या आजोबांचा फोटो मोठा करून लावलाय म्हणालात, केवढा? मी फोनवरचा एक छापून घेतला होता बारा बाय अठराला, जवळून बघितल्यावर पानं सगळी शेवाळासारखी दिसली. तेव्हा फ्रेम करायची राहिली ती राहिलीच.

साखरपेठकर:

वीस बाय तीस इंच. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४ मेगापिक्सेलचे पिक्सेल साधारण तेरा बाय वीस इंचांना पुरतात, पण भिंतीवरचा फोटो आपण हातभर लांबून बघतो, म्हणून तीसपर्यंत ताणलं. नाकाला नाक लावून बघितला तरी अक्षता दिसतात. ती प्रत नव्या पेठेत छापून घेतली. दुसरी एक आजोबांना द्यायची आहे. पत्ता नाही माझ्याकडे, पुढच्या भोगीला कट्ट्यापाशी गुंडाळी घेऊन उभा राहीन. नातवाच्या उजव्या भुवईवर जखमेची खूण आहे, फोटोत स्पष्ट आलीय, त्यावरून ओळखेन.

नवखा_सोलापूर:

दादा, गच्चीवर नेऊन बघितला. एफ/१६ ला एक ठिपका आहे, वर उजवीकडे, अगदी बारीक. एफ/८ ला दिसत नाही. त्याने ते स्वतःहून सांगितलं नव्हतं, दाखवल्यावर चार हजार कमी केले. चाक ठीक आहे. घेतला. उद्या मामांच्या कारखान्यात येऊ का?

साखरपेठकर:

ये. सकाळी सातला, पाळी सुरू होताना, तेव्हा तूस कमी असतं आणि पूर्वेच्या खिडकीतून ताण्यावर ऊन येतं. बॅटऱ्या दोन तरी आण. आणि फाटकाबाहेर चालू कर.